मेलेलं ढोर आमचं, जिवंत ढोर कुणाचं?



मागच्या महिन्यात पनवेल परिसरातले आम्ही चौदा जण दापोलीला जाऊन आलो. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात पशुसंवर्धनाचं काम चालतं, तिथे कळपाचं व्यवस्थापन कसं करतात ते शिकायला गेलो होतो. निघण्याआधी व्हॉट्सॲपच्या गटावर तारीख टाकली आणि पहिलाच प्रश्न आला, "बाबासाहेबांनी ढोरं सोडायला सांगितली, आणि तुम्ही परत ढोरांमागे निघालात?"

प्रश्न विचारणारा कार्यकर्ता आमचाच आहे, चळवळीत घासलेला आहे. त्याला गटावर दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवणं आम्हाला बरं वाटलं नाही. शिवाय हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. गाडीत बसलेल्या आमच्यातल्या काही जणांच्या मनातही तो होताच. म्हणून हा लेख.

आधी आम्ही का गेलो ते सांगतो. पनवेल तालुक्यातल्या आमच्या वस्त्यांमध्ये बहुतेक घरं भूमिहीन. पोरं कळंबोली, तळोज्याच्या कंपन्यांत कंत्राटावर, बाया घरकामाला. शासनाची एक योजना आहे, दहा शेळ्या आणि एक बोकड. अनुसूचित जातींना तिच्यात ७५ टक्के अनुदान मिळतं. आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी काही वर्षांपूर्वी ती घेतली. शेळ्या आल्या, फोटो निघाले, आणि पहिल्या पावसाळ्यातच निम्म्या मेल्या. जंत झाले होते, लस कधी द्यायची ते कुणी सांगितलं नव्हतं, गोठ्याची जमीन ओली राहत होती. कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, "तुमच्या लोकांना जनावरं सांभाळता येत नाहीत."

हे वाक्य आमच्या डोक्यात बसलं. कारण ते एका अर्थाने खरं होतं आणि त्यातच सगळा अन्याय होता. आमच्या लोकांना जनावरं सांभाळता येत नाहीत, कारण हजारो वर्षांत जिवंत जनावर आमच्या मालकीचं होऊच दिलं नाही. आमच्या वाट्याला जनावर यायचं ते मेल्यावर.

पहाटे चारला निघालो. मुंबई-गोवा महामार्गाने पेण, नागोठणे, माणगाव करत उजाडता उजाडता महाडला पोचलो. दापोलीला जाणारी आमची माणसं महाडला थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. चवदार तळ्यावर त्रिशरण-पंचशील झालं. मग आमच्यातल्या एका बी.एस्सी.च्या मुलीने विचारलं, "इथं ढोरांना पाणी पिऊ द्यायचे ना?"

द्यायचे. गाय, म्हैस, बैल, कुत्रं, सगळ्यांना या तळ्याचं पाणी चालत होतं. फक्त अस्पृश्य माणसाला चालत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, आणि नंतर सवर्णांनी तळं शुद्ध करून घेतलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी पाण्यात ओतून. माणसाच्या ओंजळीने विटाळलेलं पाणी गाईच्या शेणाने शुद्ध झालं! गाईच्या राजकारणावर शंभर भाषणं ऐकण्यापेक्षा या तळ्याच्या काठावर दहा मिनिटं बसावं, असं आम्हाला नेहमी वाटतं.

त्याच महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, मेलेली ढोरं ओढण्याचं काम सोडा, असं कळकळीने सांगितलं. आपल्या लोकांनी ते ऐकलं. गावोगाव महारांनी ढोर ओढणं बंद केलं आणि गावोगाव बहिष्कार पडले. तेव्हा काही शहाण्यांनी हिशेब मांडून दाखवला होता, की कातडं, शिंगं, हाडं, मांस यातून महारांना वर्षाला एवढं उत्पन्न मिळतं, ते का सोडता? बाबासाहेबांचं उत्तर आपल्याला माहीत आहे. एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच करा आणि तो फायदाही तुम्हीच घ्या.

आमच्याबरोबर एक आत्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, सगळे त्यांना आत्याच म्हणतात. तळ्याच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "माझ्या आज्यानं ढोर ओढायचं सोडलं तवा गावानं आमचं दळण बंद केलं. आज्जी जात्यावर दळायची. पन जित्तं ढोर आमच्या दारात कधी आलंच नाय. दावनीला बांधायला कुनी दिलंच नाय."

गटावरच्या आमच्या मित्राचं उत्तर आत्यांनी तिथेच दिलं. बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितलं? गावकीची सक्ती. फुकट राबणं. मेलेल्या ढोरावर पोसलेला हक्क आणि त्या हक्काला चिकटलेली घाण. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच बेडीसाठी, आणि त्यांच्या निधनानंतर १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. जनावर पाळू नका, पशुपालन शिकू नका, असं ते कुठेच म्हणाले नाहीत. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर त्यांनी जो निबंध लिहिला, त्यात तर उलट मांडणी आहे. जमिनीचा तुकडा केवढा, एवढ्यावरून शेती परवडते की नाही हे ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारं, श्रम यांची जोड किती, त्यावर ठरतं. शेतकऱ्याचं जनावर हे त्या भांडवलातच येतं.

खेडमार्गे दापोली गाठली तेव्हा दहा वाजून गेले होते. दापोलीचं आणि आपलं नातं वेगळं सांगायला नको. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी आपलं घराणं मूळचं दापोली तालुक्यातलं असल्याचं लिहिलं आहे. त्यांचं आंबडवे गाव आज मंडणगड तालुक्यात येतं. सुभेदार रामजींचं कुटुंब पेन्शनीनंतर काही काळ याच दापोली कॅम्पात राहिलं. त्या गावात १९७२ साली कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि सुभेदारांच्या समाजातली चौदा माणसं वही-पेन घेऊन तिथे शिकायला आली होती.

आता काय शिकलो ते मुद्देसूद लिहितो, कारण हे इतरांच्याही कामाचं आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक जनावराला नंबर आणि प्रत्येक नंबराला पान. कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. जन्म कधी, आई कोण, बाप कोण, जन्मवेळचं वजन, माजावर कधी आली, फळवली कधी, व्यायली कधी, दूध किती, आजार कोणता, लस कोणती, सगळं त्या पानावर. सर म्हणाले, "ज्याची नोंद नाही तो कळप नाही, ती नुसती गर्दी आहे."

दुसरी गोष्ट, गट पाडणे. गाभण जनावरं वेगळी, दुभती वेगळी, भाकड वेगळी, वासरं वेगळी. सगळ्यांना एकच खुराक टाकला तर दांडगं जनावर जास्त खातं आणि गरजेचं उपाशी राहतं. बाहेरून आणलेलं जनावर कळपात लगेच मिसळायचं नाही, तीन-चार आठवडे लांब बांधायचं. आमच्या त्या मेलेल्या शेळ्या बाजारातून आणून थेट जुन्या शेळ्यांत सोडल्या होत्या.

तिसरी, चीक. वासरू किंवा करडू जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. जन्मतः त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसते, ती आईच्या चिकातून येते. आपल्याकडे पहिल्या चिकाचा खरवस होतो आणि वासरू मरतं.

चौथी, लसीकरणाचं वेळापत्रक. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, शेळ्यांना पीपीआर आणि आंत्रविषार. कोकणातल्या पावसात जंताचं औषध विसरून चालतच नाही.

पाचवी, काट्याशिवाय वजन. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, शरीराच्या लांबीने गुणायचं, ६६० ने भागायचं. घेर ६० आणि लांबी ५० इंच असेल तर साधारण २७३ किलो. आमच्या मुलीने मोबाईलवर हिशेब करून सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाजारात व्यापारी नजरेने वजन सांगतो आणि आपण मान डोलावतो. टेप खिशात असला तर तीच मान ताठ राहते.

कोकण कपिला ही इथली देशी गाय. लहान चणीची, दूध कमी, पण डोंगरउतारावर चरणारी, भाताच्या चिखलात बैल देणारी, कोकणातला पाऊस सोसणारी. कोकण कन्याळ ही इथली शेळी. दोन्ही जाती आज राष्ट्रीय पातळीवर नोंदलेल्या आहेत. जातिवंत जनावराची वंशावळ जपणारी ही व्यवस्था पाहताना आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "जात शुद्ध ठेवायची ती इथं. माणसांत कशाला आणली?" हसलो सगळे, पण मग त्यानेच पुढे विचारलं, "एकच बोकड सारखा वापरला तर काय होतं?" सर म्हणाले, "दोन वर्षांनी बोकड बदला. रक्त जवळचं झालं की करडं कमजोर निपजतात." म्हणजे जनावरांतही बंद कळप टिकत नाही.

सहावी गोष्ट छाटणी. तिथून पुढची सगळी चर्चा बदलली.

कळपातून दरवर्षी काही जनावरं काढावी लागतात. वारंवार उलटणारी, कासेचा जुनाट आजार असलेली, म्हातारी, आणि गरजेपेक्षा जास्तीचे नर. शंभर गाभण माद्यांना साधारण पन्नास नर पिल्लं होणार. पैदाशीला त्यातला एखाद-दुसरा लागतो. बाकीच्यांचं काय? जगात कुठेही कळप सांभाळणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. आमच्या मुलीने तो सरळ विचारला, "काढलेल्यांचं पुढे काय होतं, सर?"

सर थोडं थांबले. मग म्हणाले, "शेळीचं असेल तर मला उत्तर देता येतं. बोकड नऊ-दहा महिन्यांचा झाला की विका. गाईचं विचाराल तर कायदा वाचा."

तर कायदा वाचूया. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. निकामी झालेला बैल मात्र दाखला घेऊन विकता येत होता. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळून मार्च २०१५ मध्ये ती लागू झाली. बैल आणि वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, पण बैलावरची बंदी कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाचं मतही बदलत गेलं. १९५८ च्या कुरेशी खटल्यात घटनापीठ म्हणालं होतं, की निकामी बैलांवर सरसकट बंदी वाजवी नाही. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने ते फिरवलं. म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो, म्हणून तो कधीच निकामी होत नाही, असा त्यातला एक युक्तिवाद.

आता दापोलीत शिकलेला हिशेब लावा. जनावराला रोज वजनाच्या अडीच टक्के तरी सुका चारा लागतो. ४०० किलोच्या बैलाला रोज दहा किलो, वर्षाला साडेतीन टनांहून जास्त. किलोला अवघे पाच रुपये धरले तरी अठरा हजार रुपये. बैल कामातून गेल्यावर आणखी पाच-सहा वर्षं जगतो. हे पैसे कोण देतं? न्यायालय देत नाही, सरकार देत नाही, टीव्हीवर ओरडणारा देत नाही. दोन एकरवाला कुणबी देतो, धनगर देतो, आदिवासी देतो. नाही परवडलं तर रात्री दावं सोडून देतो, आणि ते जनावर दुसऱ्या गरिबाच्या शेतात शिरतं. पूर्वी तोच बैल विकून त्याला नव्या बैलाच्या किमतीत भर टाकता येत होती. ते पैसे गेले. बाजारातला कुरेशी व्यापारी, टेम्पोचा ड्रायव्हर, कातडं कमावणारा ढोर, चांभार, सगळ्यांच्या चुली या एका कायद्याशी बांधलेल्या होत्या.

महाराष्ट्रात २०१२ च्या पशुगणनेत गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांवर आले. ट्रॅक्टर आले, दुष्काळ पडले, कारणं अनेक आहेत, सगळं खापर एका कायद्यावर फोडता येणार नाही. पण ज्या कायद्याचं नावच 'पशुसंरक्षण' आहे, त्याच्या छायेत गोवंश वाढला नाही, एवढं तरी मान्य करा.

आणि विज्ञान काय करतंय? लिंगनिर्धारित वीर्यमात्रा. तिच्यामुळे जवळपास ९० टक्के कालवडीच जन्मतात, आणि सरकार त्यासाठी अनुदान देतं. म्हणजे ज्या राज्यात बैल मारणं गुन्हा आहे, त्याच राज्यात बैल जन्मूच नये म्हणून सरकारी पैसा खर्च होतो. आम्ही त्या तंत्राच्या विरोधात नाही. पण जास्तीच्या नराचं काय करायचं हा प्रश्न सरकारलाही पडलेला आहे आणि तो उघड बोलायची सोय नाही, हे त्यातून दिसतं.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्ही मार्विन हॅरिस वाचला होता. गाय पवित्र मानण्यामागे आर्थिक शहाणपण आहे असं सांगणारा हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. त्यानेच केरळातलं एक निरीक्षण लिहून ठेवलं आहे. तिथले शेतकरी सांगत, आम्ही गोवंश कधीच मारत नाही. पण त्यांच्या गोठ्यात नर वासरं माद्यांच्या मानाने फारच जास्त मरत होती. कशी? आईजवळ कमी वेळ सोडायचं, आचळाला कमी लागू द्यायचं. सुरी न लावता उपाशी ठेवून मारणं. आपल्याकडे म्हशीच्या तबेल्यात रेडकाचं काय होतं ते दूधवाल्याला विचारा. केंद्र सरकारने एकेकाळी नर रेडकं वाचवून मांसासाठी वाढवण्याची योजनाही आणली होती, कारण म्हशीचं मांस ही भारताची मोठी निर्यात आहे. म्हशीला देवत्व नाही, म्हणून तिच्या बाबतीत निदान हिशेब मांडता येतो.

गाईच्या मांसासाठी संशोधन करणारं केंद्र महाराष्ट्रात असण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर इथे आहे. जुन्या दारूगोळा कोठाराच्या हजारो एकर जागेवर १९६४ पासून ते चालतं. वजन लवकर कसं वाढेल, जुळी कशी होतील, यावर तिथे दशकानुदशकं काम झालं. आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं, की त्या प्रयोगांमध्ये जनावरांचे अतोनात हाल झाले होते. तेव्हा भावना बाजूला काढून विज्ञान आणलं की सगळं ठीक होईल, असंही नाही. बाबासाहेबांनी आपल्याला प्रज्ञा, शील आणि करुणा ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत. नेब्रास्कात करुणा कमी पडली. आपल्याकडे करुणेचा घोष आहे आणि प्रज्ञेला दारं बंद आहेत, म्हणून जनावर रस्त्यावर प्लास्टिक खाऊन मरतं.

संविधानाचा अनुच्छेद ४८ सगळे सांगतात. पण पूर्ण वाचतात किती जण? त्याची सुरुवातच अशी आहे, की राज्याने शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याचा प्रयत्न करावा. गाई-वासरांच्या कत्तलीला मनाईची गोष्ट त्याच्या पुढे येते. २४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी ही दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. गोरक्षण हा मूलभूत हक्क व्हावा अशी मागणी होती. तो मूलभूत हक्कांत गेला नाही, मार्गदर्शक तत्त्वांत आला, आणि आला तोही शास्त्रीय पशुसंवर्धनाच्या वाक्याला जोडून. आज अनुच्छेदाचा उत्तरार्ध घेऊन लोक लाठ्या घेऊन हायवेवर उभे राहतात. पूर्वार्ध घेऊन आम्ही दापोलीला गेलो. संविधान कोण पाळतंय ते वाचकांनी ठरवावं.

आता सगळ्यात अवघड भाग. परतीच्या वाटेवर गाडीत भांडण झालं, आणि ते लपवायचं कारण नाही. आमच्यातला एक भाऊ, नियमित विपश्यनेला जाणारा, म्हणाला, "शेळी पाळणं म्हणजे मांसासाठीच पाळणं. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितलेत. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य, विष. त्यातले दोन आपण करणार. मग आपण कसले बौद्ध?"

त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. वणिज्जा सुत्त तसंच आहे. आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असं समजावलं आहे. दुसरी, संयुत्त निकायातलं यज्ञ सुत्त. राजा पसेनदीच्या महायज्ञासाठी पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, तितक्याच शेळ्या-मेंढ्या खांबाला बांधल्या होत्या. भगवंतांनी अशा यज्ञांना नाकारलं, हे आपण नेहमी सांगतो. पण त्या सुत्तात आणखी एक ओळीचं चित्र आहे. दास आणि नोकर शिक्षेच्या भीतीने, डोळ्यांतून आसवं गाळत यज्ञाची तयारी करत होते. बुद्धांच्या परंपरेने जनावराबरोबर राबणाऱ्याची आसवंही नोंदवून ठेवली. आजच्या गोरक्षणात ती आसवं कुणी मोजतं का?

भाऊला हे पूर्ण पटलं नाही. तो म्हणाला, "गरज कुठे संपते आणि इच्छा कुठे सुरू होते, ते रोज तपासावं लागेल." त्याचं हे वाक्य आम्ही वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. शेवटी ठरलं ते असं. ज्याला शेळ्या पाळायच्या त्याने पाळाव्यात, ज्याला मांसाच्या व्यापारात पडायचं नाही त्याने दुधाच्या म्हशीचा विचार करावा, आणि म्हशीचं रेडकू झालं तर त्याला चीक पाजायचाच. उपाशी मारायचं नाही. हा आमच्या गटाचा नियम.

एक प्रश्न मात्र वहीने सुटत नाही, तो जमिनीचा. कळपाला चरायला गायरान लागतं. पनवेलच्या आसपास गायरान उरलंय कुठे? सिडकोने १९७० नंतर ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. आता विमानतळ आला, टॉवर आले. जमिनीच्या मोबदल्यासाठी ज्यांच्याकडे सातबारा होता ते लढले, आणि योग्यच लढले. ज्यांच्याकडे सातबाराच नव्हता त्यांनी काय मागायचं? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पडीक जमिनीसाठी, गायरानासाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत कसायला घेतलेली गायरानं नावावर करायचं मान्य केलं, तरी कित्येक घरं अजून कागदासाठी हेलपाटे घालत आहेत. २०१६ मध्ये उनात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या चार तरुणांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा तिथल्या आंदोलनाने गाईचं शेपूट तुमच्याकडे ठेवा, आम्हाला जमीन द्या, अशी मागणी केली. महाडपासून उनापर्यंत मुद्दा एकच आहे.

म्हणून गटावरच्या मित्राला आमचं उत्तर असं, भावा. आम्ही परत ढोरांमागे निघालो नाही. पूर्वी ढोर मेल्यावर गावाचं बोलावणं यायचं आणि आपण जायचो. आता ढोर जिवंत असताना, नोंदवही आणि टेप घेऊन, मालक म्हणून त्याच्याजवळ जायचं आहे. यात बाबासाहेबांना सोडल्यासारखं काही आहे असं तुला वाटत असेल तर जरूर लिही. आम्ही छापू आणि उत्तरही देऊ.

कार्यकर्त्यांना विनंती एवढीच, की तुमच्या वस्तीत शेळीचं अनुदान कुणी घेणार असेल तर शेळी येण्याआधी लसीचं वेळापत्रक भिंतीवर लावा. गोठ्याची जमीन उंच आणि कोरडी करून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी ओळख करा. आणि बीफवर वाद घालायला उभे राहाल तेव्हा, तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, आधी एका बैलाच्या वर्षाच्या चाऱ्याचा हिशेब मांडून दाखवा.

पुढच्या आठवड्यात पहिल्या पाच शेळ्या येणार आहेत. नवीन म्हणून तीन आठवडे त्या वेगळ्या बांधायच्या आहेत. आत्यांनी जागा दिली आहे, त्यांच्या घरामागची पडवी. पहिल्या शेळीचं दावं आपणच बांधणार, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!